ओगराळंभर वळण

तपासणीचा निकाल आला आणि इटलीच्या दक्षिणेतल्या कोर्सानेल्लो गावातली माणसं एकमेकांकडे चोरून पाहायला लागली. त्याआधी ती निदान एकमेकांसमोर बसून रडत तरी होती.

निकाल सांगायला बारी शहरातून विटाल्बाबाई आल्या होत्या. सगळी हयात तेलाच्या प्रयोगशाळेत गेलेली बाई, आवाज चढवायची सवयच नाही. घाण्याच्या खोलीत, बंद पडलेल्या यंत्रांच्या मधोमध उभं राहून त्यांनी सांगितलं, की गावच्या सहकारी घाण्यानं पाठवलेलं तेल निव्वळ कोर्सानेल्लोचं नाही. बरंचसं आहे, पण त्यात ग्रीसच्या जैतुनांचा अंश सापडला, स्पेनच्या सापडला, आणि ट्युनिसकडचाही असावा असं दिसतं. बाजारात चार देशांची तेलं एकत्र करून डबे भरतात, तसलं काहीतरी ह्यात पडलंय. आपण कुणावर आळ घेत नाही, असंही त्या म्हणाल्या. मग त्यांनी चष्मा काढला आणि तो उगाच बराच वेळ पुसत राहिल्या.

जैतुनाच्या झाडांना सुकव्याचा रोग लागला त्याला बरीच वर्षं झाली होती. चार माणसांनी हात धरले तरी कवेत न मावणारे बुंधे उभ्याउभ्या करडी लाकडं होऊन गेले. झाडं गेली, तरी तेलावर गावाचं नाव लावायचा हक्क शिल्लक होता. पण त्याला अट होती. लागोपाठ तीन हंगाम गावच्या मातीतलं तेल तपासणीत उतरलं नाही, तर नाव कायमचं रद्द. दोन हंगाम कोरडे गेले होते आणि हा तिसरा होता. नाव गेलं की घाणा बंद, घाणा बंद झाला की नवी कलमं लावायला मिळणारी मदत बंद. मग कोर्सानेल्लो म्हणजे समुद्रावर मजा करायला निघालेल्यांच्या गाड्या जिथे जरा हळू होतात ती जागा, एवढंच उरणार होतं.

हा निकाल सगळ्यांत जास्त झोंबला तो इप्पात्सियो स्कार्चेल्लाला, कारण तो घाण्याचा नाकिरो होता. पूर्वी घाणे जमिनीखाली, भुयारात असत. हिवाळाभर तिथे राबणाऱ्या टोळीच्या म्होरक्याला खलाशांचा हा शब्द लावायचे. आपण तांडेल म्हणू तसा. भुयारं बुजली, यंत्रं आली, शब्द तेवढा राहिला. तेलाच्या बाबतीत नाकिरो म्हणेल ते खरं. इप्पात्सियोनं जिभेवर थेंब घेऊन 'हे दक्षिण उताराचं' म्हटलं की ते दक्षिण उताराचं. दोन भावांमधलं वाटणीचं भांडण त्यानं एकदा नुसता पावाचा तुकडा तेलात बुडवून मिटवलं होतं. ह्या वर्षीचं तेलही त्यानंच साऱ्या गावादेखत चाखलं होतं, आणि डोळे मिटून म्हणाला होता, "आपलं आहे." तेव्हा म्हाताऱ्या बायांनी त्याचे हात धरून मुके घेतले होते.

त्या दिवसासाठी गावानं काय नाही केलं? पानझड झालेल्या रानात लोक महिनाभर जिवंत फांदी शोधत फिरत होते. स्मशानाच्या भिंतीआड एका झाडाला मूठभर फळ सापडलं, शाळेमागच्या बुंध्याला एक हिरवा धुमारा सापडला. कुणी ओच्यातून फळं आणली, कुणी टोपीतून. आणि ब्रित्सियोनं दोन टोपल्या भरून आणल्या. हा ब्रित्सियो ट्रकवर होता, ब्रिंदिसीच्या बंदरावरून माल आणायचा. बंद पडलेल्या रेल्वे फाटकामागे त्याच्या आईनं वाढवलेलं एक झाड होतं, आई गेल्यावर तो त्याला पाणी घालायचा, कुणाला न सांगता. सांगितलं असतं तर रोगट म्हणून तोडायला लोक आले असते. शेवटी आलेच. फळ उतरवलं आणि त्याच आठवड्यात रूळ साफ करणाऱ्या यंत्रानं ते झाड उपटून नेलं.

एवढ्याशा फळासाठी मोठं यंत्र कुठे लावणार? पूर्वजांचा हाताचा चरक बाहेर काढला. सगळं फळ पिळून जेमतेम एक डबा भरला. चरकातून उतरलेलं पहिलं वाटीभर तेल रिवाजाप्रमाणे नाकिरोची बायको पोंपिलिया चर्चमधल्या देवमातेच्या दिव्यासाठी घेऊन गेली. मग इप्पात्सियोनं सगळ्यांकडे पाठ करून नव्या तेलाला वळण लावलं. आपल्या घरच्या रांजणातलं ओगराळंभर जुनं तेल नव्यात ओतायचं, म्हणजे नव्याला घरची रीत कळते. गावचा हा रिवाज इतका जुना, की त्याचं कुणाला काही वाटेनासं झालं होतं. देवमातेचं तेल मात्र ह्यातून सुटायचं, तिला कोण वळण लावणार, असं म्हातारे हसून म्हणत. थोड्या वेळानं तपासनीस आला, त्यानं बाटल्या भरल्या, लाखेचं सील लावलं आणि विचारलं, ह्यात काही मिसळलंय का? सारं गाव एका आवाजात नाही म्हणालं. त्यातलं एकही माणूस खोटं बोलत नव्हतं.

आता मात्र गावाला कुणीतरी खोटं बोललेलं हवं होतं. सहकारी संस्थेचा अध्यक्ष ओरोंत्सो कुठूनसं ऐकून आला, की एखाद्या बाहेरच्यानं किंवा लबाड सभासदानं संस्थेला फसवलं असं सिद्ध केलं, तर संस्थेला आणखी एक हंगाम मिळू शकतो. ही बातमी पसरायला दुपार पुरली. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना ब्रित्सियोच्या दोन टोपल्या आठवल्या. इतरांना ओंजळभर मिळालं आणि ह्यालाच बरं दोन टोपल्या मिळाल्या? बंदरावर ग्रीसच्या बोटी लागतात, हे काय आज कळतंय? झाड होतं म्हणतो, ते आता कुठाय? चौकातल्या कॉफीच्या दुकानात तो शिरला तेव्हा कुणीतरी मागून म्हणालं, "ह्याला ग्रीक कॉफी द्या रे, त्याची सवय आहे त्याला." हसलं कुणी नाही, आणि तेच जास्त वाईट होतं. दुसऱ्या दिवशी त्याच्या ट्रकची चाकं फाडलेली सापडली.

ब्रित्सियो इप्पात्सियोकडे आला तो भर दुपारी, अंगणाचं फाटक न वाजवता. लहानपणी ह्याच अंगणात तो खेळलेला. इप्पात्सियो त्याचा धर्मबाप. त्याच्या बाप्तिस्म्याच्या वेळी त्याला हातावर धरून उभा होता.

"नाकिरो, माझी फळं तुम्ही हातात घेतली होतीत," तो म्हणाला. "फोडून चाखली होतीत."

"हो."

"मग लोकांना सांगा की तसं."

इप्पात्सियोनं खुर्ची पुढे सरकवली. ब्रित्सियो बसला नाही.

"प्रयोगशाळा खोटं कशाला सांगेल, पोरा?"

"म्हणजे मी सांगतोय."

"तसं नाही. तुझी बंदरावर ये-जा. कुणी खलाशानं दिली असतील, तुला वाटलं असेल, गावाचं भलं होतंय..."

"बोला, बोला. थांबलात का?" ब्रित्सियो म्हणाला. "माझ्या आईला तुम्ही ह्याच हातांनी माती दिलीत. तिच्या झाडाचं फळ होतं ते. तुमच्या जिभेला कळलं होतं. तेव्हा कळलं होतं, आणि आता कागद आला म्हणून कळेनासं झालं?"

खरं म्हणजे इप्पात्सियोला ब्रित्सियोवर विश्वास ठेवायचा होता. पण तसा ठेवला तर मग तेल बिघडलं कशानं? दुसरं काही त्याच्या डोक्यात येईना, आणि माणसाच्या डोक्यात दुसरं काही आलं नाही की तो जवळच्यालाच बळी देतो. त्यानं मान खाली घातली. ब्रित्सियो निघून गेला. जाताना फाटक मात्र त्यानं नीट लावलं.

रविवारी प्रार्थनेनंतर घाण्यात सभा ठरली. विटाल्बाबाई पुन्हा येणार होत्या. ब्रित्सियोच्या टोपल्या इथल्या नव्हत्या, एवढं नाकिरोनं लिहून द्यायचं होतं. त्याच्या सहीशिवाय त्या कागदाला काही किंमत नव्हती.

शनिवारी दुपारी इप्पात्सियो जेवायला बसला. पोंपिलियानं जवाचा कडक पाव पाण्यातून काढून ताटात ठेवला, वर टोमॅटो कुस्करला. तेल मात्र तो नेहमी स्वतःच घ्यायचा. कोपऱ्यातला मोठा रांजण, आजोबांच्या वेळचा, आतून पिवळी झिलई असलेला. सुकवा यायच्या आदल्या हंगामाचं तेल त्यात होतं, विहिरीजवळच्या झाडांचं, आणि तो ते जपून वापरायचा. झाडं गेली तरी हे तेल खवट झालं नाही, ह्याचा त्याला केवढा अभिमान. आल्यागेल्याला चाखायला द्यायचा आणि म्हणायचा, बघा, तेल असावं तर असं.

त्यानं पावावर तेलाची धार धरली आणि म्हणाला, "बाहेर काय जळायचं ते जळो. ह्या रांजणात अजून आपली झाडं आहेत."

पोंपिलिया ओट्याकडे वळली.

"उद्या सही करून टाकणार आहे."

"कशावर?"

"ब्रित्सियोच्या टोपल्या बाहेरच्या होत्या म्हणून."

"तू चाखल्या होत्यास ना त्या?"

"चुकलो असेन. म्हातारा झालो."

ती ओट्याशीच उभी होती. तिनं कोरडेच हात कमरेच्या फडक्याला पुसले, मग परत पुसले. चाळीस वर्षांच्या संसारात तो जेवत असताना तिनं त्याला मधेच थांबवून काही विचारलं नव्हतं.

"पाती," ती त्याला घरातल्या नावानं हाक मारत म्हणाली, "त्या डब्यात तू वळण घातलंस?"

"न घालून कसं चालेल?"

"कशातलं?"

"कशातलं म्हणजे? ह्यातलं. नेहमीचं, ओगराळंभर."

ती खाली बसली, त्याच्या समोरच्या खुर्चीत, जिथे ती जेवण उरकेपर्यंत कधी बसत नसे. "अरे देवा," ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, यंत्रं आली तशी ती पद्धत गेली. मी तर दिवा घेऊन देवळात होते. पाती, हा रांजण रिकामा झाला त्याला चार हिवाळे झाले."

इप्पात्सियो हसला. रांजण तर समोर भरलेला दिसत होता.

मग तिनं सांगितलं. विहिरीजवळची झाडं तोडून नेली त्या वर्षी तो अंथरुणाला खिळला होता. भिंतीकडे तोंड करून पडायचा, बोलायचा नाही. फक्त पाव आणि हे तेल तेवढं खायचा. रांजणाचा तळ खरवडून झाला तेव्हा तिच्या तोंडचं पाणी पळालं. हे संपलं असं ह्याला सांगायचं कसं? ती बसनं माल्येच्या बाजारात गेली, डबा आणला, तो डोळे मिटून पडलेला असताना रांजणात ओतला आणि रिकामा डबा दुसऱ्या गावच्या कचऱ्यात टाकून आली. तो बरा होईपर्यंतच, असं तिनं ठरवलं होतं.

"संध्याकाळी तू पाव खाल्लास," ती म्हणाली, "आणि कित्येक महिन्यांनी तोंड उघडलंस. म्हणालास, हे विहिरीच्या उजव्या झाडाचं आहे, मला वास लागला. दुसऱ्या दिवशी उठून दाढी केलीस. मग मी थांबू कशी? तूच सांग, कुठल्या दिवशी थांबायला हवं होतं मी?"

इप्पात्सियोनं आत्ताचा डबा बघायला मागितला. तिनं धुण्याच्या बादल्यांमागून काढून दिला. निळा डबा, वर जैतुनाची फांदी, एक हसरी बाई, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, की हे निरनिराळ्या देशांतल्या तेलांचं मिश्रण आहे. लपवलेलं काही नव्हतं, छापूनच ठेवलं होतं. त्यानं डब्यातलं तेल चाखलं, मग रांजणातलं चाखलं. दोन्ही एकच होतं, आणि दोन्ही त्याला आपलंच लागलं.

तो उठून अंगणात गेला आणि विहिरीच्या कठड्याला धरून उभा राहिला. ओगराळं तेच, वाडवडिलांचं, तांब्याचं. पूर्वी ते हौदभर तेलात पडायचं आणि हरवून जायचं. ह्या वर्षी गावाचं सगळं तेल मिळून एक डबा, आणि त्यानं त्यात तेवढंच ओतलं होतं, हात आखडता न घेता. साऱ्या गावानं ओंजळीओंजळीनं जमवलेलं त्यानं एका पळीत बाटवलं होतं. आणि वर तेच चाखून, डोळे मिटून, आपलं आहे म्हणून सांगितलं होतं. झाडं तोडली त्या दिवशी त्याला वाटलं होतं की ह्याहून वाईट आता काही उरलं नाही. आपण किती भाबडे होतो, हे त्याला आता कळलं.

पोंपिलिया मागे येऊन उभी राहिली. त्यानं वळून न पाहता सांगितलं, की उद्या तो सभेत सांगणार, डबा मीच आणला, मीच ओतला. तिचं नाव घ्यायचं नाही.

"खोटं बोलायचं असेल तर नीट बोल," ती म्हणाली. "तुला दुकान तरी कुठलं ते ठाऊक आहे का?"

त्यानं तिला सभेला यायचं नाही म्हणून बजावलं. ती बरं म्हणाली.

रविवारी घाण्यात पाय ठेवायला जागा नव्हती. ब्रित्सियो दाराजवळ भिंतीला टेकून उभा होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंची जागा रिकामी होती. विटाल्बाबाई पुढे बसल्या होत्या. ओरोंत्सोनं दोन शब्द बोलून कागद इप्पात्सियोपुढे सरकवला आणि खिशातलं पेन उघडून दिलं. इप्पात्सियोनं ते घेतलं नाही.

"ब्रित्सियोनं काही केलेलं नाही," तो म्हणाला. "मिसळलं ते मी."

विटाल्बाबाईंनी वर पाहिलं. "काय मिसळलंत?"

"वळण घातलं."

लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. कुणी हसलंसुद्धा. ओरोंत्सोनं विटाल्बाबाईंना समजावून सांगितलं, की वळण घालणं म्हणजे काही मिसळणं नव्हे, ते आपलंच तेल आपल्यात. पाण्यात पाणी ओतलं तर त्याला कुणी भेसळ म्हणतं का?

"आपलं नव्हतं," इप्पात्सियो म्हणाला. "विकत आणलेलं होतं. मीच आणलं."

ओरोंत्सोच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "तू? रांजण सोडून तू विकत आणलंस? कुठून?"

"बाजारातून."

"कुठल्या? कुणाकडून घेतलंस?"

इप्पात्सियोला दुकान सांगता येईना. तो माल्येला जाऊनही वर्षं लोटली होती. ओरोंत्सो म्हणायला लागला, की हा ब्रित्सियोला वाचवायला बघतोय, धर्माचा पोर आहे ना त्याचा. दोघातिघांनी माना डोलावल्या. कागद पुन्हा पुढे सरकला.

"बसथांब्यासमोरचं मोठं दुकान," मागून पोंपिलियाचा आवाज आला. ती यायची राहिली नव्हतीच. "आत गेलं की डाव्या हाताला. निळा डबा. मी आणते. चार वर्षं मीच आणतेय, ह्याला माहीत नव्हतं."

मग दुसऱ्या रांगेतून, कुणाला उद्देशून न म्हटल्यासारखं, ओरोंत्सोची बायको बोलली.

"मी पिवळा आणते."

ओरोंत्सोनं मान वळवली. आपल्या घरात अजून जुनं तेल आहे, हे तोही चौकात दिवसाआड सांगायचा. बायको त्याच्याकडे बघेना. तिच्या शेजारची बाई आपल्या चपलांकडे पाहत होती, तिच्या मागचीही. सगळ्या घाण्यात बायकांच्या माना खाली गेल्या आणि पुरुष आपापल्या बायकोकडे पाहायला लागले. कुणाला काही विचारायचं धाडस झालं नाही. गावातले सगळे रांजण त्या एका क्षणात रिकामे झाले.

शेवटी ओरोंत्सोनं विटाल्बाबाईंना विचारलं, आता काही होईल का? त्यांनी सांगितलं, की सील केलेली दुसरी बाटली त्यांच्याकडे आहे, पण ती त्याच डब्यातली. कुणी बाहेरच्यानं दगा दिला असता तर एक हंगाम मागता आला असता. घाण्याच्या प्रमुखानंच मिसळलं म्हटल्यावर मागायचा कुणाकडे? "मला माफ करा," त्या म्हणाल्या, आणि त्यांना खरंच वाईट वाटत होतं. अशा रीतीनं कोर्सानेल्लोचं नाव तेलावरून गेलं.

तेवढ्यात इप्पात्सियो ताडकन उठला. देवमातेचं तेल! वळण घालायच्या आधीचं, पहिलं, निर्भेळ. ते देवळात होतं. दिवा फक्त रविवारी लावतात, एरवी विजेचा असतो. थोडं तरी उरलं असेल. तो पळत सुटला, आणि ज्या गावाला क्षणभरापूर्वी त्याचं तोंड बघवत नव्हतं ते गाव त्याच्यामागे निघालं. विटाल्बाबाईही आल्या. वाटेत त्या सांगत होत्या, की सील नसलेलं तेल त्यांना घेता येणार नाही, कुणाचंच घेता येत नाही. पण कुणी ऐकत नव्हतं, आणि मग त्यांनीही सांगायचं सोडून दिलं.

देवमातेचं तेल ओतून ठेवलेली वेदीखालची बाटली रिकामी होती. होतं ते सगळं सकाळी दिव्यात ओतलेलं. लाल काचेत वात जळत होती आणि तिच्याखाली बोटभर तेल उरलं होतं. इप्पात्सियोचा हात पोचेना. ब्रित्सियो पुढे झाला आणि त्यानं दिवा उतरवून वेदीवर ठेवला. त्यानं इप्पात्सियोकडे पाहिलं नाही. इप्पात्सियोनं त्याच्याकडे माफी मागायला तोंड उघडलं, पण माफीला पुरेल असं काही त्याला सापडलं नाही.

त्यानं फुंकर मारून वात विझवली. देवळात एवढी माणसं असून कुणी त्याला अडवलं नाही. तेल निवेपर्यंत सगळे थांबले. विटाल्बाबाईंनी हळूच सांगितलं, की हे जरी तपासलं तरी कागदावर त्याचा काही उपयोग नाही. तो म्हणाला, "कागदासाठी नाही."

ते खरं होतं. आता त्याला गावाचं नाव नको होतं, हंगाम नको होता. एकदाच, मरायच्या आधी, ब्रित्सियोच्या आईच्या झाडाची, स्मशानाआडच्या त्या मूठभर फळांची चव जिभेवर हवी होती. त्यानं बोट बुडवलं आणि तोंडात घातलं.

तेल कडू होतं. घशात तिखट लागत होतं, आणि मागून एक हिरवट, तुरट वास येत होता जो त्याच्या ओळखीचा नव्हता. त्यानं पुन्हा बोट बुडवलं, डोळे मिटले, श्वास धरला. काहीच आठवेना. परक्या घरी जेवायला बसल्यासारखं वाटत होतं. रोजच्या निळ्या डब्याची चव मात्र जिभेवर पक्की बसलेली होती, आणि ती ह्या तेलाला आत येऊ देत नव्हती.

"नाकिरो?" दारातून कुणीतरी विचारलं. "काय म्हणता?"

सगळे नेहमीसारखे वाट पाहत होते. इप्पात्सियोनं गर्दीत पोंपिलियाला शोधलं. ती खांबाशी उभी होती, कमरेचं फडकं हातातच राहिलेलं. ही वाटी तिनं स्वतः चरकाखाली धरली होती आणि स्वतः इथवर आणली होती.

"हे आपलं का गं?" त्यानं विचारलं.

"आपलंच आहे, पाती."

चार वर्षं जिनं त्याला फसवलं होतं तिच्या शब्दावर त्यानं ते मानलं, आणि दाराकडे वळून गावाला सांगितलं की हो, आपलं आहे.